लंगफिश पाळलाय का कोणी? (हवेत श्वास घेणारा मासा, सध्या ३४ सेंमी, मालक गोंधळलेला)

ओलाकाठ:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की ओळखीतला एकजण घर बदलत होता आणि त्याच्याकडचा एक मासा "तू ने, नाहीतर नदीत सोडून देतो" असं म्हणून त्याने माझ्या गळ्यात घातला. बादलीतून आणला. घरी येऊन झाकण काढलं तर मला आधी वाटलं वाम आहे. लांबुळकं अंग, मातकट करडा रंग, त्यावर गडद डाग, डोळे एवढुसे आणि परांच्या जागी चार दोऱ्या लोंबताहेत. मग तो सावकाश वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं, फुस्स करून हवा ओढली आणि परत खाली जाऊन पडला. मी बादलीपासून दोन पावलं मागे सरकलो हे कबूल करतो.

आधीचा मालक फक्त एवढंच म्हणाला की आफ्रिकेतला लंगफिश आहे, काही खातो, मरत नाही. सध्या माझ्या ९० x ४५ x ४५ सेंमीच्या टाकीत ठेवलाय. त्यात माझे दोन एंजल मासे होते. सकाळी बघतो तर एकाची अर्धी शेपटी गायब आणि दुसरा कोपऱ्यात उभा थरथरतोय. दोघांना बाहेर काढलंय.

प्रश्न असे: हा नक्की कुठला लंगफिश, केवढा होतो, टाकी केवढी लागेल, खायला काय द्यायचं, सोबतीला कोण चालेल आणि तो पाण्याशिवाय वर्षभर राहतो हे खरं आहे का? नेटवर वाचून डोकं भणभणलंय, एकजण सांगतो ५० सेंमी होतो, दुसरा म्हणतो दोन मीटर.

बेडूकउडी:
पाण्यात राहतो, हवेत श्वास घेतो, काही खातो आणि मरत नाही. अहो हे तर माझ्या ऑफिसातल्या साहेबांचं वर्णन झालं. (हलके घ्या)

गाळगप्पा:
अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही एकदमच देतो.

दोघंही खरं बोलताहेत, कारण लंगफिश हा एक मासा नाहीच. आज जगात सहा जाती उरल्यात. ऑस्ट्रेलियात एक, दक्षिण अमेरिकेत एक आणि आफ्रिकेत चार. दोऱ्यांसारखे पर आहेत म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बाद, त्याचे पर वल्ह्यासारखे रुंद आणि खवले मोठाले असतात. आफ्रिकेच्या चौघांत प्रोटोप्टेरस अ‍ॅम्फिबियस सगळ्यात छोटा, साधारण ४५ सेंमी, आणि फार क्वचित दिसतो. अ‍ॅनेक्टेन्स हा पश्चिम आफ्रिकेचा, मीटरभर होतो. डोलोई काँगो खोऱ्यातला, शिडशिडीत, सव्वा मीटरच्या आसपास. आणि एथिओपिकस म्हणजे नाईल, व्हिक्टोरिया सरोवराकडचा, अंगावर संगमरवरासारखी नक्षी, तो खरंच दोन मीटरपर्यंत जातो.

फोटो टाका, बाजूने काढलेला. अंगाची जाडी आणि पर कुठून सुरू होतात ते दिसलं पाहिजे. डोलोई असेल तर धड फारच लांब दिसेल, पुढचे आणि मागचे पर एकमेकांपासून खूप दूर.

ओलाकाठ:
फोटो टाकलेत. (तिसऱ्या फोटोतली आकृती म्हणजे काचेत पडलेलं माझं प्रतिबिंब, दुर्लक्ष करा.)

गाळगप्पा:
मला अ‍ॅनेक्टेन्स वाटतोय. धड तेवढं लांब नाही आणि डाग सुटे सुटे आहेत, जाळी नाही. फोटोवरून छातीठोक सांगणं अवघड, पण मी पैज त्यावरच लावीन. म्हणजे मीटरभराची तयारी ठेवा.

तळवासी:
उशिरा आलो धाग्यावर. अ‍ॅनेक्टेन्स नऊ वर्षं आहे माझ्याकडे, सध्या ७८ सेंमी. सवडीने सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

टाकी. टाकीची लांबी जितकी महत्त्वाची तितकीच रुंदी, कारण मोठा झाल्यावर त्याला वळता आलं पाहिजे. तुमची टाकी भरून १८२ लिटर होते, त्यात वर्ष काढाल फार तर. पुढे १८० x ६० x ६० च्या खाली विचार करू नका, म्हणजे साधारण ६५० लिटर. खोली फार नको, त्याला दर थोड्या वेळाने वर यायचं असतं. पोरं म्हणतात की हा तर दिवसभर पडूनच असतो, मग एवढी टाकी कशाला. पडून असतो ते दिवसा. रात्री दिवे घालवून तासभर नुसतं बघत बसा मग बोला.

पाण्याच्या वर मोकळी जागा. हे आधी करा, आजच करा. पाणी काठोकाठ भरायचं नाही, झाकण आणि पाणी यात निदान १० सेंमी हवा ठेवायची. मोठ्या आफ्रिकी लंगफिशचे कल्ले अगदीच नावापुरते उरलेले असतात, लागणारा बहुतेक सगळा ऑक्सिजन फुप्फुसातून येतो. वर यायला वाट मिळाली नाही तर हा मासा पाण्यात बुडून मरतो. हो, बुडून. हसू नका.

झाकण. जड पाहिजे, चिमटे लावून. वायर-पाईपसाठी कापलेली भोकंसुद्धा जाळीने बुजवा. जिथून त्याचं डोकं जाईल तिथून सगळा मासा जातो.

हीटर. २५ ते २८ अंश ठेवा. काचेचा हीटर उघडा ठेवू नका, हा चावतो. दात म्हणजे सुटे दात नसतात, वर-खाली धारदार पट्ट्या असतात आणि जबडा कवचं फोडायला बनलेला आहे. माझ्याने एक थर्मामीटर आणि एका पाईपचं टोक चावून ठेवलंय. हीटर खाली सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) टाकता आला तर उत्तमच, नाहीतर जाळीचं कव्हर. आणि हात घालताना तो कुठे आहे ते आधी बघायचं. त्याची नजर यथातथाच, तो वासावर आणि स्पर्शावर जगतो, शिवाय दुसऱ्या प्राण्याच्या अंगातली बारीकशी वीजसुद्धा त्याला कळते. तुमचं बोट आणि गांडूळ यात तो फार फरक करत नाही.

सोबती. कोणी नाही. एंजलचं झालंच, दुसरा लंगफिशही नको, एकमेकांचे पर आणि शेपट्या खातात. पर परत येतात हा भाग वेगळा.

खाणं. गांडुळं, सोललेली कोळंबी, शिंपल्यांचं मांस, गोगलगाई, आणि सवय लागली तर तळाला जाणाऱ्या मोठ्या गोळ्या. या वयात एक दिवसाआड, ५०-६० सेंमी झाला की आठवड्यातून दोनदा. कोंबडी-मटण नको, ती चरबी त्याला झेपत नाही. जिवंत गोल्डफिश तर अजिबात नको, एक म्हणजे रोग येतात आणि दुसरं म्हणजे त्यांच्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं, तेच तेच खाऊन बी-१ कमी पडतं. लांब चिमट्याने द्या.

तो खाताना बघाल तेव्हा सांगा काय वाटलं ते, आत्ता काही बोलत नाही.

शेवाळी:
तळवासी, दंडवत घ्या. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवतेय.

ओलाकाठ:
बापरे. खूप खूप धन्यवाद. पाणी लगेच १२ सेंमी खाली केलं. झाकणावर सध्या दोन जाडजूड डिक्शनऱ्या ठेवल्यात, पहिल्यांदाच कामाला आल्या.

आणि खाताना बघितलं!! गांडूळ आत ओढलं, चावलं, मग अख्खं लगदा होऊन बाहेर आलं, मला वाटलं आवडलं नाही, तर परत आत, परत बाहेर, असं सात-आठ वेळा. शेवटी गिळलं. बायको म्हणाली हे परत माझ्या समोर करायचं नाही. माशाला म्हणाली की मला ते कळलं नाही.

तळवासी:
हाहा. तेच. जीभ-गालांची कसरत नाही म्हणून तो पाण्याच्याच जोरावर घास आतबाहेर करून चावतो. लोक इथेच घाबरतात आणि उरलेलं काढून घेतात. काढायचं नाही, त्याला त्याचं काम करू द्यायचं, पण दहा-पंधरा मिनिटांनी जे सांडलंय ते मात्र उचलायचं.

प्रयोगशील:
एवढं सगळं झालं पण मूळ गंमत राहिलीच की. पाणी हळूहळू कमी करून चिखलात कोश करायला लावा, मी व्हिडिओ बघितलाय, मातीचं ढेकूळ पाण्यात टाकलं की आतून जिवंत मासा बाहेर येतो. घरी करता येत असेल तर का नाही करायचं? निसर्गात करतोच ना तो.

धुकेरी:
प्रयोगशील, हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. डोलोई जातीचा माझा मासा अकरा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते.

निसर्गात करतो कारण नदीचं पाणी आटलं तर त्याला दुसरा इलाज नाही. आटायला लागलं की चिखल तोंडाने खात खात खाली जातो, वळून तोंड वर करून शेपटी डोक्यावर घेऊन बसतो, अंगातून चिकट द्रव सोडतो, तो वाळून पापुद्रा होतो आणि तोंडापाशी तेवढं श्वासाला भोक राहतं. आत अन्न नाही, पाणी नाही. अंगातले स्नायू जाळून जगतो. एरवी अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो, तिथे पाणीच नाही, मग त्याचा युरिया करून अंगातच साठवून ठेवतो. पाऊस येईपर्यंत काही महिने, कधी त्याहून जास्त. बाहेर येतो तेव्हा चिपाड झालेलं असतं.

ही झोप नव्हे, ही उपासमार आहे. घरच्या टाकीत माती किती दाट, किती वेगाने वाळली, आत बुरशी आली का, मासा आधी पुरेसा धष्टपुष्ट होता का, यातलं काहीच आपल्या हातात नसतं आणि चुकलं की वरून कळतही नाही, ढेकूळ फोडाल तेव्हा वास येईल. पाच मिनिटांच्या व्हिडिओसाठी? आणि सगळ्या जाती सारख्याही नाहीत, ऑस्ट्रेलियाचा तर कोश करतच नाही, पाणी आटलं की मरतो.

माफ करा, आवाज चढला.

प्रयोगशील:
ताई, मी नुसतं विचारलं. एवढं माहीत नव्हतं. पण मग संशोधक करतातच की.

गाळगप्पा:
करतात, पण तयारीने आणि काही शोधायचं असतं म्हणून. २०२१ मध्ये अ‍ॅनेक्टेन्सच्याच कोशावर काम झालं, तोवर सगळे समजत होते की कोश म्हणजे नुसता वाळका शेंबूड. तर त्यात जिवंत पेशी निघाल्या, रोगजंतूंना अडकवून ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी. म्हणजे अंगावर शिवलेलं रोगप्रतिकारक पांघरूणच म्हणा. घरी बादलीत माती कालवून आपल्याला असलं काही कळणार नाहीये.

अवांतर: पूर्वी हे मासे युरोपात असेच जात, कोशासकट ढेकूळ उचलायचं, बोटीवर चढवायचं आणि तिकडे पाण्यात भिजवायचं. पार्सलची याहून सोपी पद्धत अजून निघाली नसेल.

बेडूकउडी:
साहेबांनाही बदलीच्या वेळी असंच पाठवता आलं असतं.

निळीशाई:
मला माशांतलं काही कळत नाही, पण धागा भारी चाललाय. एक भाबडा प्रश्न, याला फुप्फुसं आहेत तर हा बेडकांचा नातेवाईक का? की व्हेलसारखा, जमिनीवरून परत पाण्यात गेलेला?

गाळगप्पा:
भाबडा नाही, बरोब्बर प्रश्न आहे. या माशाने एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या मोठ्या लोकांना हाच घोळ घातला होता. दक्षिण अमेरिकेतला लंगफिश १८३७ मध्ये नोंदला गेला तेव्हा तो उभयचरांसारखा वाटला, नावातच पॅराडॉक्सा, म्हणजे विरोधाभास, आहे बघा, लेपिडोसायरेन पॅराडॉक्सा. रिचर्ड ओवेनने १८३९ मध्ये आफ्रिकेच्या अ‍ॅनेक्टेन्सचं वर्णन केलं आणि हा मासाच आहे असं धरून बसला. मग वर्षानुवर्षं भांडणं.

आता जनुकांवरून पक्कं झालंय की चार पायांच्या सगळ्या प्राण्यांचे, म्हणजे बेडूक, पाली, पक्षी, तुम्ही आम्ही, यांचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे मत्स्यनातेवाईक हेच. व्हेलसारखा परत गेलेला नाही, हा कधी बाहेर आलाच नाही. आणि जनुकांचा पसारा म्हणाल तर २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या लंगफिशचा जिनोम वाचून काढला, तो माणसाच्या तीसपट निघाला. एवढं लिहून करतो काय तर पडून राहतो.

शेवाळी:
"एवढं लिहून करतो काय तर पडून राहतो" 😂 आमच्या खूप सभासदांना लागू.

तळवासी:
अगदीच पडून नसतो हो. ओलाकाठ, रात्री अंधुक उजेडात बघा, मागच्या दोन दोऱ्या तळावर टेकवून तो एकाआड एक टाकत चालतो. आपल्याला वाटतं भास झाला. २०११ मध्ये यावर रीतसर पेपर आला, अ‍ॅनेक्टेन्सच होता, मागच्या परांवर चालतो आणि उसळ्याही घेतो. फुप्फुसात हवा असल्याने पुढचं अंग आपोआप उचललेलं राहतं, म्हणून जमतं.

[तीन आठवड्यांनी]

ओलाकाठ:
मंडळी, मदत हवीये. सहा दिवस झाले काहीही खाल्लं नाही. गांडूळ नाकासमोर धरलं तरी तोंड फिरवतो. अंगावर दोन ठिकाणी दुधी रंगाचा पातळ थर दिसतोय, आणि जास्त वेळा वर येतोय असं वाटतं, पण तो तसाही वर येतोच त्यामुळे खात्री नाही. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आहे. औषध टाकू का? घरात मागच्या वेळचं बुरशीवरचं निळं औषध आहे.

धुकेरी:
औषध टाकू नका. थांबा. पाणी तपासायचा टेस्ट किट आहे का? अमोनिया आणि नायट्राईट आत्ताच्या आत्ता बघा. आणि मागच्या दहा दिवसांत टाकीत काय काय बदललं ते खरं खरं सांगा.

ओलाकाठ:
बघितलं. अमोनिया १ पीपीएम. नायट्राईट ०.५. मी गार पडलोय.

बदललं काहीच नाही, फक्त मागच्या रविवारी फिल्टर फार घाण झाला होता म्हणून सगळे स्पंज नळाखाली घासून लख्ख धुतले. फिल्टरमधल्या रिंग पण उकळून घेतल्या.

तळवासी:
सापडलं.

त्या "घाणी"तच तुमचे जीवाणू राहत होते, अमोनियाचं नायट्राईट आणि त्याचं नायट्रेट करणारे. नळाच्या क्लोरीनने निम्मे गेले, उरलेले तुम्ही उकळले. त्यात हा एवढा मांसाहारी प्राणी १८२ लिटरमध्ये, अमोनिया चढायला वेळ लागत नाही.

आता करा ते असं: आज निम्मं पाणी बदला, नवीन पाण्याचं तापमान जुळवून आणि क्लोरीन मारून. उद्या परत थोडं. रोज टेस्ट करून आकडा शून्याच्या जवळ येईपर्यंत चालू ठेवा. खायला काही देऊ नका, जे खाणार नाही ते सडून अजून भर घालेल. कोणाकडे चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो तुमच्या फिल्टरमध्ये घाला, सगळ्यात जलद उपाय तोच. पुढच्या वेळी स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचे, तेही निम्मे आज, निम्मे पंधरा दिवसांनी. दुधी थर पाणी सुधारलं की बहुतेक आपोआप जाईल, लंगफिशची कातडी नाजूक, पाण्याचा पहिला फटका तिलाच बसतो. नाही गेला तर मग बघू.

धुकेरी:
+१. आणि एक सांगते, ही चूक मीही केलेली आहे म्हणून सांगते. एरवी पाणी बिघडलं की मासे वर येऊन धापा टाकतात, आपण धावतो. हा रोजच वर येतो! म्हणजे धोक्याची घंटा याची आधीच काढून ठेवलेली आहे. त्यातून तो इतका चिवट की दुसरा मासा तीन दिवसांत मेला असता तिथे हा तीन महिने कुढत पडून राहील आणि आपण लोकांना सांगत राहू की किती कणखर मासा आहे बघा. "मरत नाही" असं सांगून तुमच्या ओळखीच्याने तुम्हाला मासा दिला ना, त्या वाक्याने जेवढे लंगफिश मारले असतील तेवढे कशाने मारले नसतील.

म्हणून मी वही ठेवते. शांत बसलेला असताना दोन श्वासांमध्ये किती मिनिटं जातात ते आठवड्यातून एकदा लिहायचं. सगळ्यांचा आकडा सारखा नसतो, तापमानावर आणि हालचालीवरही जातं, पण आपल्या माशाचा नेहमीचा आकडा आपल्याला माहीत असला की बिघाड लगेच कळतो.

ओलाकाठ:
काल रात्री ५० टक्के, आज सकाळी २५. अमोनिया ०.२५ वर आलाय. ओळखीतल्या एका ताईंनी त्यांच्या जुन्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज दिला, आयुष्यात कुठली घाण एवढ्या आदराने घरी आणली नव्हती.

वही सुरू केली. आज मोजलं: ६ मिनिटं, ७, ५, ६.

[नऊ दिवसांनी]

ओलाकाठ:
अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य. थर गेला. आज ११, १४, १२ मिनिटं. आणि दोन गांडुळं खाल्ली, नेहमीप्रमाणे सगळा किळसवाणा कार्यक्रम करून. बायको बाजूला उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

शेवाळी:
हुश्श!!

प्रयोगशील:
छान झालं. मीही माझ्या टाकीचे स्पंज नळाखालीच धुवायचो, आता बंद. माझ्याकडे फक्त गप्पी आहेत, पण तरी.

[पाच महिन्यांनी]

ओलाकाठ:
धागा वर काढतोय. हात अजून थरथरताहेत तेव्हा टायपो माफ करा.

दोन दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर टाकी रिकामी. झाकण जागच्या जागी, चिमटे लावलेले. फिल्टरच्या पाईपसाठी मागच्या कोपऱ्यात भोक होतं, त्याची जाळी मी पाईप साफ करताना काढली आणि परत लावायची राहिली. चार बोटांएवढं भोक हो, फक्त चार बोटं.

अख्खं घर शोधलं, शेवटी पुस्तकांच्या कपाटामागे सापडला. धूळ, केस, कागदाचे कपटे सगळं अंगाला चिकटून वाळलेलं, मला वाटलं संपलं. हात लावला तर फुस्स.

पसरट टबमध्ये त्याचं डोकं सहज वर येईल इतकंच पाणी घालून ठेवलंय, क्लोरीन काढलेलं, २६ अंश. चिकटलेलं सगळं तसंच आहे, पुसून काढू का?

तळवासी:
पुसू नका!! खाली जो चिकट थर आहे तो त्याने स्वतःला वाचवायलाच सोडलेला आहे, खरवडलात तर कातडी सोलून निघेल. भिजू दे, आपोआप सुटेल. टब झाका, खोली अंधारी ठेवा. काही तासांनी पाणी बदला कारण एवढ्याशा पाण्यात घाण लवकर साठते. आजचा दिवस खायला काही नाही. उद्या सकाळी अंगावर लाल चट्टे किंवा उघडी जखम दिसते का ते बघून सांगा, फोटोसकट.

धुकेरी:
काळजी करू नका, तुम्ही योग्य तेच केलंय. माझा एकदा चपलांच्या कपाटात निघाला होता. तेव्हापासून रात्री झोपताना गॅस, कडी आणि झाकण, या क्रमाने बघते.

ओलाकाठ:
सकाळचा रिपोर्ट. धुळीचा अंगरखा रात्रीत सुटला, टबच्या तळाशी पडलाय, सापाच्या कातेसारखा. डाव्या मागच्या दोरीचं टोक गेलंय, कुठेतरी अडकून तुटलं असावं. बाकी लाल बिल काही नाही. सरकलो तर माझ्या हाताकडे तोंड वळवतो.

गाळगप्पा:
टोक परत येईल, हळूहळू. बारीक आणि फिकट येतं आधी. फोटो काढत राहा, दर महिन्याला एक, नवीन टोक वाढताना दिसतं ते बघण्यासारखं असतं.

बेडूकउडी:
साहेबांविषयीचे माझे सगळे विनोद मागे घेतो. दोन दिवस जमिनीवर राहून कोणी परत कामावर येत असेल तर तो आदरणीय आहे.

[चौदा महिन्यांनी]

ओलाकाठ:
कोणाला आठवत असेल नसेल, पण बातमी द्यायची होती. लांबी आता ५६ सेंमी. नवी टाकी आली, १८० x ६० x ६०, खाली सम्प, हीटर सम्पमध्ये, सगळी भोकं बुजवलेली, दोनदा तपासलेली. तळाला बारीक रेती आणि एक आडवा पडलेला जाड पाईप, दिवसभर त्यातच असतो. तुटलेली दोरी पूर्ण वाढली, फक्त रंग किंचित फिका राहिलाय.

आता एक वेगळाच प्रश्न. माझं वय ४७. हे मासे किती जगतात ते शोधत बसलो तर शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियममधल्या ग्रँडडॅडचं वाचलं. ऑस्ट्रेलियाचा लंगफिश, १९३३ मध्ये तिथे आणला आणि २०१७ मध्ये गेला, तेही म्हातारपणाने अगदीच खंगला म्हणून त्यांनी त्याला शांतपणे जाऊ दिलं. ८४ वर्षं एकाच ठिकाणी! सॅन फ्रान्सिस्कोत एक मेथुसेला म्हणून आहे, ती १९३८ पासून. आफ्रिकेचे एवढे जगत नसले तरी काही दशकं काढतात असं दिसतंय. म्हणजे साधा हिशेब केला तरी मी सत्तरीत असेन आणि ६५० लिटरचं पाणी बदलत असेन. तुम्ही लोकांनी याचा काय विचार केलाय?

तळवासी:
केलाय. माझ्या भाचीला लहानपणापासून वॉटर चेंज शिकवतोय, तिला आता खरंच गोडी लागलीये. लिहूनही ठेवलंय, टाकीच्या खालच्या कप्प्यात एक फाईल आहे, खाणं, तापमान, फिल्टर कसा धुवायचा (नळाखाली नाही हे लाल अक्षरात), आणि कोणाकोणाला फोन करायचा. कोणी नाहीच मिळालं तर मोठं सार्वजनिक मत्स्यालय, पण त्यांच्याकडेही जागा असते असं नाही, आधी विचारून ठेवलेलं बरं. नदी-तलावात सोडणे हा पर्याय नाही, तिथला नसलेला, सगळं खाणारा, चिवट प्राणी, हे वेगळं सांगायला नको.

धुकेरी:
मी ५९. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन नावं आहेत, दोघांनीही सही केलीय. हसले होते सही करताना. ओलाकाठ, तुमची हरकत नसेल तर तिसरं नाव तुमचं लिहू का? माझा डोलोई आहे, अंगाने बारीक आहे, पण टाकी तुमच्याएवढीच लागते. त्याच्यासोबत टाकी पण येईल.

ओलाकाठ:
लिहा. बायकोला विचारलं, ती म्हणाली दुसरा वेगळ्या टाकीत ना, मग हरकत नाही, पण झाकण आधी बघून घ्या म्हणावं.

आणि माझ्या वहीतही एक ओळ रिकामी आहे.

धुकेरी:
माझं नाव नका लिहू, वयाचा हिशेब बघा की. प्रयोगशील, तुम्ही केवढे आहात?

प्रयोगशील:
२३. पण ताई माझ्याकडे फक्त गप्पी आहेत.

तळवासी:
चालतंय. गप्पींचा फिल्टर नीट धुतोस ना आता?

प्रयोगशील:
टाकीच्याच पाण्यात. निम्मे आज, निम्मे पंधरा दिवसांनी.

ओलाकाठ:
लिहिलं.